लग्नाच्या आमिषाची क्राइम मालिका लिहिताना: आधी पैशाचा हिशेब, मग प्रेम

श्रीमंत बाईला लग्नाचं आमिष दाखवून लुटणारा ठग हा क्राइम मालिकेचा हमखास चालणारा विषय. तरी यावरच्या बऱ्याच संहिता तिसऱ्या भागातच धापा टाकायला लागतात. लेखक पहिले दोन भाग 'हा माणूस खरा की खोटा' यावर खर्च करतो, आणि प्रेक्षकाला त्याचं उत्तर प्रोमोतच मिळालेलं असतं. मग उरतो तो पाठलाग, आणि शेवटी कॉलरवर पडलेला पोलिसाचा हात.

खरा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या दिवशी त्या माणसाच्या मनात काय होतं, आणि ते कोर्टात कसं दाखवायचं? लग्नाचं वचन मोडलं किंवा उसने घेतलेले पैसे बुडवले, म्हणजे आपोआप फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात २००० सालीच स्पष्ट केलं की फसवण्याचा हेतू सुरुवातीपासून होता हे दिसलं पाहिजे. पुढे शब्द फिरवला एवढ्यावर भागत नाही. ठगाचा वकील नेमका इथेच उभा राहणार: दोघं सज्ञान होते, संबंध होते, पैसे प्रेमाने दिले, नंतर पटलं नाही. या युक्तिवादाला पुरून उरणारी गोष्ट लिहायची तर प्रेमापासून सुरुवात करून चालत नाही. पैशापासून करावी लागते.

पुढची मांडणी साधारण चाळीस मिनिटांचे सहा भाग धरून केली आहे. उदाहरणाची नायिका तासगाव परिसरातली: बेदाण्याचं शीतगृह चालवणारी, पन्नाशी ओलांडलेली, सहा वर्षांपूर्वी नवरा गेलेली, मुलगा पुण्यात नोकरीला, दीर शेजारच्याच बंगल्यात. ठग स्वतःला रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीतला चीफ इंजिनिअर म्हणवतो.

हिशेबाची वही

एकही प्रसंग लिहिण्याआधी एक तक्ता करा. रकाने असे: तारीख, रक्कम, पैसे कोणत्या मार्गाने गेले, कोणाच्या खात्यात गेले, त्याने कारण काय सांगितलं, तिने स्वतःची समजूत काय घातली, आणि हे आणखी कोणाला माहीत होतं. शेवटचे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे, आणि नेमके तेच लेखक मोकळे सोडतात.

आपल्या उदाहरणात पहिली ओळ त्याच्या खर्चाची आहे. तो तिला पैठणी आणतो, हॉटेलचं बिल देतो, तिच्या ड्रायव्हरच्या मुलीला सायकल घेऊन देतो. दुसरी ओळ: ४० हजार, यूपीआयने, 'कार्ड ब्लॉक झालंय' म्हणून, आठ दिवसांत परत. ही परतफेड पूर्ण दाखवा, घाई करू नका. पुढच्या सगळ्या रकमांची पायाभरणी या ४० हजारांवर आहे. कोर्टातही बचाव पक्ष हीच ओळ पुढे करणार: बघा, पैसे परत करणारा माणूस आहे.

तिसरी ओळ साडेतीन लाखांची, आईच्या ऑपरेशनसाठी, 'भाच्याच्या' खात्यात. चौथी १२ लाखांची, पुण्यात दोघांच्या नावावर फ्लॅट बुक करायला, मुदत ठेव मोडून. पाचवी २२ लाखांची: जहाज कंपनीशी वाद झालाय, लवादासाठी पैसे भरले की दोन कोटी सुटतील. ही रक्कम शीतगृहाच्या कॅश क्रेडिट (सीसी) खात्यातून, म्हणजे बँकेने धंद्यासाठी दिलेल्या कर्जाच्या मर्यादेतून जाते. सहावी ९ लाखांची, दागिने गहाण ठेवून, रोख. सातव्या ओळीत रक्कम नाही. ती नकार देते, आणि तो फोटोंची भाषा सुरू करतो. एकूण गेले ४६ लाख ५० हजार.

ओळींचा चढ पाहा. सुरुवातीला तिची शिल्लक जाते, मग मुलासोबतची ठेव, मग धंद्याचा पैसा, शेवटी अंगावरचं सोनं. पाचव्या ओळीत गोष्ट तिच्या एकटीची राहत नाही. एप्रिल-मे म्हणजे शीतगृहात नवा बेदाणा भरलेला काळ. सीसीची मर्यादा संपली, वीजबिल थकलं, प्लांट बंद पडायची वेळ आली, तर शेतकऱ्यांचा माल काळवंडतो आणि सौद्यात त्याचा दर पडतो. 'श्रीमंत बाईचे पैसे गेले, तिला काय कमी आहे' असं म्हणणाऱ्या प्रेक्षकाला इथे गप्प करता येतं.

आता मार्गाचा रकाना. चुका इथे फार होतात, कारण मोबाइलच्या स्क्रीनचा क्लोजअप सगळेच घेतात. एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पैसे पाठवायची नेहमीची मर्यादा दिवसाला एक लाख. 'बारा लाख जीपे केले' हे वाक्य लिहू नका. आयएमपीएसची वरची मर्यादा पाच लाख. आरटीजीएसची खालची मर्यादा दोन लाख, म्हणून ५० हजारांचं आरटीजीएस होत नाही. यूपीआय आणि आयएमपीएसचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो, आरटीजीएसचा संदर्भ क्रमांक (यूटीआर) २२ अक्षरांचा. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालतं, त्यामुळे 'उद्या रविवार, पैसे सोमवारीच जातील' हा ताण त्याआधीच्या काळातल्या कथेतच शोभतो. गहाण दागिन्यांचं वजन सांगणार असाल तर कथेतल्या त्या महिन्याचा सोन्याचा भाव काढा आणि मगच कर्जाची रक्कम लिहा. सोन्याच्या बाबतीत मराठी प्रेक्षक चूक सोडत नाही.

बाई मूर्ख नाही

श्रीमंत बाई म्हणजे हातात वाइनचा ग्लास आणि मागे स्विमिंग पूल, हे चित्र आधी पुसा. तासगावची शीतगृह मालकीण सकाळी सातला अमोनियाच्या कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून बिघाड ओळखते, आणि बॉक्सच्या भाड्यात पाच पैसे सोडत नाही. तिची फसवणूक पटवायची तर तिचं धंद्यातलं चोखपण आधी दाखवायला हवं. ती कागदावर विश्वास ठेवणारी आहे, म्हणून ठग तिला कागदच देतो: फ्लॅटची पावती, कंपनीचं पत्र, लवादाची नोटीस. दुसऱ्या एखाद्या बाईला तो कविता देईल. भूल त्या बाईच्या स्वभावातून शिवलेली असावी.

ती कोणाला विचारत का नाही, याचं उत्तरही हवं. विचारलं की दीर म्हणणार, 'वहिनी, आता व्यवहार आमच्याकडे द्या.' मुलगा म्हणणार, 'आई, या वयात?' तिला फसवलं जाण्यापेक्षा शीतगृहाच्या चाव्या हातातून जाण्याची भीती मोठी आहे. ठगाला हे कळलेलं असतं. नातेवाइकांपासून तिला तोडायला त्याला फारसं काही करावं लागत नाही, घर आधीच ते काम करून बसलेलं असतं.

चौथ्या ओळीचा, ठेव मोडण्याचा प्रसंग सविस्तर पाहू, कारण सगळं वजन तिथे पेलता येतं. ठेव आई आणि मुलगा दोघांच्या नावावर, 'दोघांपैकी एक किंवा हयात असलेला' या पद्धतीची. अशी ठेव मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते; मुदतीआधी मोडायची तर बँक साधारणपणे दोघांच्या सह्या मागते. एवढ्याशा नियमातून अख्खा प्रसंग निघतो.

अधिकारी: वहिनी, मुदत संपायला चारच महिने राहिलेत. आत्ता मोडली तर व्याज कमी बसतंय.
ती: बसू दे.
अधिकारी: त्यापेक्षा ठेवीवर कर्ज घ्या की. चार महिन्यांनी फिरवून टाकू.
ती: कर्ज नको.
अधिकारी: मग चिरंजीवांचीही सही लागेल. दोघांचं नाव आहे.
ती: आणलीय. (पाकिटातून फॉर्म काढते.)
अधिकारी: (सही ताडून बघत) काही अडचण नाही ना, वहिनी?
ती: कॉम्प्रेसर बदलायचाय. सीझनच्या आधी.

मालिकेत तिचं पहिलं खोटं इथे येतं, आणि ते तिने मुलाशीही बोललेलं आहे, नाहीतर त्याची सही आलीच नसती. पुढे फिर्याद द्यायची वेळ येते तेव्हा तिला सगळ्यात जड जातं ते ४६ लाख सांगणं नाही, कॉम्प्रेसर सांगणं. या प्रसंगाला पार्श्वसंगीत देऊ नका. अधिकाऱ्याला संशय आलेला दाखवा, पण त्याने पुढे होऊन तिला अडवलं असं दाखवू नका. पैसे तिचे, सह्या बरोबर, त्याच्या हातात विचारण्यापलीकडे फारसं काही नाही.

संबोधनं जपा. ठग सुरुवातीला 'मॅडम' म्हणतो, मग नाव घेऊन 'तुम्ही' वर येतो. 'तू' वर आधी तिला येऊ द्या. गावात तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही, सगळ्यांची ती वहिनी, काकी नाहीतर मालकीणबाई. त्याने नाव घेणं एवढंच पहिल्या भागाला पुरतं.

ठग किती दाखवायचा

कमी. चौथ्या भागापर्यंत तो एकटा असलेला एकही प्रसंग नको. प्रेक्षकाने त्याला फक्त तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या नजरेतून पाहावं.

खऱ्या प्रकरणांतून रचना उचलायची असेल तर हेल्ग स्गार्बीचं प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे. हा स्विस माणूस. २००७ मध्ये ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलात त्याची बीएमडब्ल्यूमध्ये मोठा हिस्सा असलेल्या जर्मन उद्योजिका सुझाने क्लाटन यांच्याशी ओळख झाली. अमेरिकेत आपल्या हातून अपघात झाला, त्यात एक लहान मूल जखमी झालं आणि माफिया मागे लागलाय, अशी गोष्ट त्याने सांगितली; त्यातून ७० लाख युरो मिळाले. मग त्याने आणखी मोठी रक्कम मागितली, ती मिळेना तेव्हा चोरून केलेल्या चित्रीकरणाची धमकी दिली, आणि क्लाटन पोलिसांकडे गेल्या. जानेवारी २००८ मध्ये त्याला अटक झाली. ९ मार्च २००९ ला म्युनिकच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याच दिवशी सहा वर्षांची शिक्षा झाली.

यातून दोन गोष्टी घेता येतात. पहिली म्हणजे अपघाताची गोष्ट. त्या गोष्टीत तो बिचारा आहे आणि अपराधीही आहे, त्यामुळे ऐकणारीला मदत करणं आणि गुपित राखणं ही दोन्ही कामं एकदम अंगावर येतात. तुमच्या ठगाचं कारणही असंच हवं. नुसतं 'धंद्यात खोट आली' हे कारण चार लोकांना सांगता येतं, म्हणून निरुपयोगी. दुसरी गोष्ट म्हणजे वळण. जोवर तो मदत मागत होता तोवर तिच्याकडे मान होता. धमकी दिली आणि ती मोकळी झाली. आपल्या तक्त्यातली सातवी ओळ याचसाठी बिनरकमेची आहे. ती चौथ्या भागाच्या शेवटी ठेवा.

स्वतःला हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा म्हणवणाऱ्या सायमन लेविएवचं प्रकरण नॉर्वेच्या 'वेर्डेन्स गांग' या वृत्तपत्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड केलं. त्यातली रचना वेगळी: एका बाईकडून घेतलेला पैसा दुसरीवर छाप पाडायला उधळायचा. म्हणजे आपल्या नायिकेला मिळालेली पैठणी कोणाच्या पैशाची, हा प्रश्न पाचव्या भागासाठी राखून ठेवता येतो. त्याच वर्षाच्या शेवटी इस्रायलमध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली ती जुन्या गुन्ह्यांसाठी. खऱ्या आयुष्यातले शेवट असे अर्धवट असतात, आणि मालिकेला ते शोभतातही.

ठगाचा पेशा निवडताना तो कुठे तपासता येतो ते आधी ठरवा. मर्चंट नेव्ही सोयीची, कारण महिनोन्‌महिने गायब राहणं त्यात बसतं. पण भारतीय खलाशाकडे सीडीसी (खलाशाचं सरकारी नोंदपुस्तक) असते आणि इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख क्रमांक) असतो, आणि तो नंबर डीजी शिपिंग या सरकारी जहाजवाहतूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. मुलाच्या एखाद्या जहाजावरच्या मित्राने सहज विचारावं, 'काका, तुमचा इंडोस नंबर काय?' आणि चीफ इंजिनिअरने विषय बदलावा. यापेक्षा मोठा धक्का लागत नाही.

पोलीस ठाण्यात शिरल्यावर

पाचवा भाग इथे सुरू होतो, आणि चुकांचं पीकही. आधी वेळेचं गणित. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेले तिथे आणि तिथून पुढे ज्या खात्यांत फिरले तिथे रक्कम रोखायचा प्रयत्न होतो. पण ही धावपळ तासांची असते. आपल्या नायिकेचे पैसे अनेक महिन्यांत गेलेत. साडेतीन लाख, १२ लाख, २२ लाख केव्हाच काढून झालेत, ९ लाख तर रोखच गेले. एखाद्या मधल्या खात्यात थोडीफार शिल्लक सापडते, बस. 'सगळी रक्कम गोठवली' हा प्रसंग लिहिलात तर मालिका तिथेच खोटी पडते. आपण १ लाख ८० हजार सापडले असं धरू.

गुन्हा दाखल होताना कलमं तारखेवर ठरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्या दिवसापासून घडलेल्या फसवणुकीला ३१८(४), सात वर्षांपर्यंत शिक्षा. त्याआधी घडलेल्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं ४२०च. कथा मार्च २०२४ ते ऑक्टोबर २०२४ अशी पसरली असेल तर फिर्यादीत दोन्ही कायदे येऊ शकतात. आजच्या कथेत नव्या फौजदाराच्या तोंडी 'चारशे वीस' बोलीभाषेत चालेल, लेखी कागदावर चालणार नाही.

खोटं नाव, खोटा हुद्दा घेतला म्हणून ३१९(२). हे सगळं मोबाइल-संगणकावरून केलं म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. फोटोंच्या धमकीने पैसे मागितले म्हणून न्याय संहितेतलं खंडणीचं ३०८. आणि लक्षात ठेवा, ६६ड लागलं की तपास पोलीस निरीक्षक (पीआय) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. तुमची तडफदार महिला पीएसआय (उपनिरीक्षक) मदतीला धावपळ करू शकते. तपासी अधिकारी म्हणून सही पीआयची. तो पीआय कंटाळलेला, बदलीच्या प्रतीक्षेतला असेल तर दोघांमधला तणाव फुकट मिळतो.

लग्न करायचा इरादा नसताना वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा न्याय संहितेच्या ६९ कलमाखाली वेगळा गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. तो लावायचा की नाही हा तिच्या दृष्टीने फार मोठा निर्णय आहे. लावला तर तिचा जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा, आणि ७२ कलमाप्रमाणे तिची ओळख उघड करणं हाच गुन्हा ठरतो. ती म्हणू शकते, 'पैशाचं लिहा, बाकीचं नको.' या एका वाक्यावर पाचव्या भागातला निम्मा वेळ खर्चायला हरकत नाही. तिने ६९ लावलं पाहिजे असं पटवणारं भाषण मात्र कोणाच्या तोंडी घालू नका.

तासगाव ज्या सांगली जिल्ह्यात येतं तिथे पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे डीसीपी (पोलीस उपायुक्त) नसतो. एसपी, अप्पर अधीक्षक, डीवायएसपी असतात. ठाण्यात शिरल्यावर पहिला माणूस भेटतो तो ठाणे अंमलदार. फिर्याद झाली की गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) पडतो. कोठडीच्या गप्पांत पोलीस 'पीसीआर' आणि 'एमसीआर' म्हणतात, पहिली पोलीस कोठडी, दुसरी न्यायालयीन. मुलाला किंवा दिराला चौकशीला बोलावता येतं, पण साक्षीदार म्हणून स्त्रीचा जबाब घ्यायचा तर तो ती राहते तिथेच, ती स्वतःहून ठाण्यात यायला तयार नसेल तर. म्हणजे दुसरी बळी बाई कोल्हापुरात सापडली की पोलीस तिच्या घरी जाणार. साध्या कपड्यांत गेले तरी वाड्यातल्या सगळ्यांना कळणार. हा प्रसंग ठाण्यातल्या टेबलासमोर घेणारे लेखक मोठी संधी वाया घालवतात.

लोकेशन. सीडीआरमध्ये, म्हणजे फोन कंपनीच्या कॉलच्या नोंदींत, कोणी कोणाला कधी, किती वेळ फोन केला आणि टॉवर कोणता होता ते असतं, बोलणं नसतं. टॉवरवरून परिसर कळतो, फ्लॅट नंबर नाही. व्हॉट्सॲपकडून मजकूर मिळत नाही. मजकूर मिळतो तो तिच्या किंवा त्याच्या फोनमधून. बँकेकडून केवायसीची कागदपत्रं लेखी पत्राने येतात, आणि 'भाच्याचं' खातं निघतं भलत्याच कुणाचं, हजार-दोन हजारांसाठी पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात दिलेल्या पोराचं. त्या पोराला खलनायक करू नका. त्याला काही माहीत नाही, आणि पकडला तोच आधी जातो.

अटकेचा प्रसंग. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात थेट बेड्या घालता येत नाहीत असं नाही, पण अटक का गरजेची हे अधिकाऱ्याला कागदावर मांडावं लागतं. नाहीतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या कार्यपद्धतीचा कायदा) ३५(३) प्रमाणे हजर राहायची नोटीस. आपला ठग नाव बदलून पळणारा आहे, कारण मांडायला अवघड नाही. दुसऱ्या राज्यात पकडला तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला आपल्या हद्दीत न्यायची परवानगी) घ्यायचा, मग सांगली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानेच करायचं असतं, कलम १०५. दोन पंच, मोबाइलवर रेकॉर्डिंग करणारा हवालदार आणि ओरडणारी घरमालकीण, असं चित्र हवं. जप्त फोन फ्लाइट मोडवर टाकून सीलबंद करा. अधिकारी तो उघडून चॅट चाळत बसलाय असं दाखवलंत तर बचावाच्या वकिलाला तुम्हीच शस्त्र दिलंत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या ६३ कलमाचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे ताडायचा संकेतांक) नोंदवतात. फिर्यादीने चॅटचे स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट डिलीट केलं असेल तर अडचण. रागाने, लाजेने ती हेच करते. सहाव्या भागाची गाठ इथे मारून ठेवा.

आणि घड्याळ: ३१८(४) सारख्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असताना ६० दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. शेवटच्या दोन भागांत बंदुकीपेक्षा हे ६० दिवस जास्त पळवतात.

हेतू सिद्ध होतो तो असा

आता पहिल्या प्रश्नाकडे. पहिल्या दिवशी त्याच्या मनात काय होतं? कबुलीजबाबावर विसंबू नका. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात त्याच्याविरुद्ध चालत नाही. पुरावा तक्त्यातूनच यायला हवा.

कोल्हापूरच्या बाईकडे तिचा स्वतःचा हिशेब आहे. तिच्याकडूनही आईच्या ऑपरेशनला पैसे घेतले. हॉस्पिटलचं नाव वेगळं, तारीख तीच. पीएसआय दोन्ही तक्ते शेजारी ठेवते तेव्हा दिसतं की तासगावात परत आलेले ४० हजार आदल्या दिवशी कोल्हापुरातून निघालेत. 'पैसे परत करणारा माणूस' हा बचाव तिथे संपतो. शिवाय चीफ इंजिनिअरच्या नावाचं ते सिम आणि ते प्रोफाइल तासगावच्या ओळखीच्या आधीचं आहे. ओळख होण्याआधीच नाव खोटं होतं, म्हणजे हेतू आधीचा. डिलीट झालेलं चॅट भरून काढायला दुसऱ्या बाईच्या फोनमधलं तसंच्या तसं वाक्य उपयोगी पडतं, फक्त तिथे त्याने नाव बदललेलं असतं.

असा पुरावा जुनाच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आंरी लांद्र्यू वृत्तपत्रात विवाहाच्या जाहिराती देऊन बायका गाठायचा आणि त्यांना मारून त्यांची मालमत्ता घ्यायचा. तो बारीकसारीक खर्च वहीत टिपून ठेवायचा. खेड्यातल्या घराकडे जाताना त्याने स्वतःसाठी रेल्वेचं परतीचं तिकीट घेतलं, सोबतच्या बाईसाठी फक्त जाण्याचं. १९२१ मध्ये व्हर्सायच्या कोर्टात त्या वहीतल्या नोंदी त्याच्यावर उलटल्या. २५ फेब्रुवारी १९२२ ला त्याला गिलोटिनवर चढवलं. तुमच्या मालिकेतही असं एक तिकीट हवं. लवादाच्या नावाखाली २२ लाख घेतले त्याच दिवशी त्याने दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नावाने, नव्या विवाह संकेतस्थळाचं सभासदत्व घेतलं, एवढी एक नोंद पुरते.

खऱ्या प्रकरणावरून लिहित असाल तर

महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर वाचता येतात. संवेदनशील गुन्ह्यांचे तिथे नसतात. त्याहून उपयोगी म्हणजे उच्च न्यायालयाचे जामिनावरचे आदेश. त्यात आरोपीची बाजू, सरकारी वकिलाची बाजू आणि रकमा दोन-चार पानांत नेमक्या असतात. वाचताना भाषा टिपा, माणसं नको. गाव, पेशा, वय, मुलांची संख्या हे सगळं बदला, आणि ६९ कलम असेल तर बदल इतका खोल हवा की शेजाऱ्यालाही ओळख पटू नये. सुरुवातीला 'काल्पनिक' अशी पाटी लावली म्हणून बदनामीचा दावा टळतोच असं नाही. खटला चालू असेल तर आरोपीला मालिकेत दोषी ठरवू नका; वाहिनीचा वकील तो प्रसंग कापणारच, आणि तुमचा शेवट त्यावर उभा असेल तर तो कोसळेल.

शेवटच्या भागातला पैसा

शिक्षा दाखवायची गरज नाही. खटला चालायला वर्षं लागतात, आणि 'तीन वर्षांनंतर' अशी पाटी लावून निकाल वाचणं म्हणजे सहा भागांची मेहनत पाण्यात घालणं. त्याऐवजी रोखलेले १ लाख ८० हजार घ्या. ते मिळवायला तिला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या ५०३ कलमाखाली. तपासी अधिकाऱ्याचं म्हणणं मागवलं जातं, बँकेचा खुलासा येतो, तिला बंधपत्र लिहून द्यावं लागतं. त्याच रकमेवर कोल्हापूरची बाईही हक्क सांगू शकते, कारण त्या खात्यात दोघींचे पैसे मिसळलेत. कोर्टाच्या बाकावर दोघी पहिल्यांदा शेजारी बसतात, एकीच्या वकिलाने दुसरीच्या अर्जाला हरकत घेतलेली असते. मुलगा सोबत आलाय, कॉम्प्रेसरचा विषय अजून निघालेला नाही. तो तिथे निघू द्या.